नानांचा चाकू आणि त्याला धार लावणारे हात

ताई, स. न. वि. वि.

माझं माहेर भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी, सासर जळगाव. वय ५१. गेल्या साली पोळा झाला आणि चौथ्या दिवशी माझे वडील, नाना, गेले. नानांच्या बंडीच्या आतल्या खिशात जन्मभर एकच घडीचा चाकू होता. दोन पाती, शिंगाची मूठ, पितळी खिळे. आजोबा भुसावळला रेल्वेत होते, तेव्हाचा. मोठ्या पात्याच्या मुळाशी 'रॉजर्स, शेफील्ड' अशी अक्षरं अजून वाचता येतात. लहान पातं माझ्या पेन्सिलींचं आणि पायातल्या काट्यांचं, मोठं पातं लिंबाच्या कलमांचं, अशी नानांची वाटणी होती. चाकू ते कोणाच्या हाती देत नसत. इतका जपलेला, की शेवटपर्यंत पातं उघडलं की 'टक्' असा खणखणीत आवाज यायचा.

दहाव्याच्या दिवशी बायका नानांचे कपडे आवरत होत्या. खुंटीवरची बंडी माझ्या हाती आली. मी चाकू काढला आणि दशम्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकला. कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून तो माझ्या कपाटात नानांच्याच रुमालात गुंडाळून ठेवलाय. आता पात्यांवर काळे डाग पडलेत, उघडताना अडकतो. डाग कसे काढू? वापरू, की काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावू? मुलगा बंगळुरूला असतो, तो म्हणतो मला दे.

आणखी एक. नवरात्रात अवजारांना हळदकुंकू लावताना दादाने चाकू शोधला. सापडला नाही तेव्हा सालदार काकांवर, म्हणजे शेतावर सालाने राहणाऱ्या आमच्या गड्यावर, संशय गेला. नानांच्या आजारपणात तेच खाटेजवळ झोपायचे, आणि दर शनिवारी विहिरीच्या थारोळ्यावर बसून चाकूला धारही तेच लावायचे. दादा तोंडाने काही बोलला नाही, पण या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांचं साल धरलं नाही. बावीस वर्षं होते आमच्याकडे. आखाजीला माहेरी गेले तेव्हा काकू पाण्याच्या टाकीवर भेटल्या. म्हणाल्या, "आमले कोनी इचारं बी नई, बहीन." तेव्हापासून घास गोड लागत नाही. पण आधी डागांचं सांगा.

– एक लेक

*

प्रिय बहीण,

डागांचं आधी सांगते, तुम्ही तसं मागितलंय म्हणून.

तुमचा चाकू जुन्या पोलादाचा आहे. न गंजणारं पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली केलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं खिशातले चाकू साध्या पोलादाचेच निघत. धार चांगली बसते, दगडावर लवकर चढते आणि चिवट टिकते, म्हणून शेतकऱ्याला तेच आवडे. मोठ्या पात्यावर भिंगातून बघा. चांदणी आणि तिच्याशेजारी क्रूस अशी खूण दिसली तर ती रॉजर्सची. या नावाच्या नकलाही त्या काळी भरपूर झाल्या, त्यामुळे खूण दिसली नाही तरी मन खट्टू करून घेऊ नका. नानांनी तो चाकू नाव वाचून वापरला नव्हता.

अशा पोलादाला लिंबू, कैरी, चिंच लागली की ते काळवंडतं. त्या काळेपणाला घाबरायचं कारण नाही. तो पातळ थर आतल्या पोलादाला थोडं राखतोच. भीती तांबड्या गंजाची. ओळखायची रीत सोपी आहे: पांढऱ्या चिंधीवर तेलाचा थेंब घ्या आणि डाग चोळा. चिंधी काळी झाली तर राहू द्या, विटकरी झाली तर तो गंज आहे आणि पोलाद खातोय. चुलीची राख मिळाली तर वस्त्रगाळ करा, तेलाच्या चिंधीवर घ्या आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. अक्षरांवर पॉलिशपेपर अजिबात नको. ती एकदा गेली की गेली. सांध्यात रॉकेलचा एक थेंब सोडा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी दहा-पंधरा वेळा उघडा-मिटा, सगळी काळी घाण पुसून काढा आणि मग शिवणयंत्राचं तेल एक थेंब. खाण्याचं तेल नको, ते पुढे चिकट होऊन धूळ धरतं. शिंगाची मूठ पाण्यात भिजवायची नाही, आणि तिला कसर लागते म्हणून महिन्यातून एकदा तरी उजेडात आणायची.

आणि तो रुमाल सोडा. मला कळतंय तुम्ही तोच का निवडलात. पण सुती कापड दमट हवा धरून ठेवतं, त्यात नानांच्या घामाचं मीठ असेल तर विचारूच नका. रुमाल वेगळा ठेवा, चाकू वेगळा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. धार लावायला म्हणून तो चाकू विजेवर फिरणाऱ्या दगडाला देऊ नका. मी दिला होता. माझे आजोबा शिरपूरकडे शाळामास्तर. बोरूने कित्ता गिरवण्याचा जमाना त्यांनी पाहिलेला, पोरांचे बोरू ते स्वतः छाटत, आणि त्यांचा चाकू मी जन्मले तेव्हा आईच्या उशाखाली होता. पाचवीला सटवाईच्या पाटावरही तोच. आजोबा गेल्यावर तो माझ्याकडे आला. एका दुपारी दारावर धारवाला आला, मी चाकू पुढे केला. ठिणग्या उडाल्या, मला बरं वाटलं. हातात घेतला तर धारेच्या कडेने निळा पट्टा उमटलेला. पोलाद तापलं आणि लोहाराने त्याला पाजलेलं पाणी उतरलं. त्यानंतर त्या चाकूची धार दोन दिवसही टिकली नाही. वीस वर्षं झाली, तो निळा पट्टा बघितला की अजून पोटात कालवतं. म्हणून सांगते, धार हातानेच, पाण्याच्या दगडावर, सावकाश.

आता तुम्ही शेवटी लिहिलंत त्याकडे येते.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी कागदावर शेजारी शेजारी लिहून काढली. एक: 'चाकू ते कोणाच्या हाती देत नसत.' दुसरं: 'दर शनिवारी धार तेच लावायचे.' तुम्ही लिहून गेलात, तुमच्या लक्षात आलं नसेल. नाना तो चाकू एका माणसाच्या हाती देत होते. बावीस वर्षांचे शनिवार मोजले तर अकराशेच्या वर भरतात. तेवढ्या वेळा तो चाकू नानांच्या खिशातून काकांच्या हातात गेला आणि परत आला. तुम्ही ज्याला जपलेला चाकू म्हणता, ते जपणं बऱ्याच अंशी काकांचं आहे. मोठं पातं मधोमध थोडं आत गेलेलं असेल बघा, जुन्या विळ्यासारखं. धारेत झिजलं ते. त्या झिजण्यात काकांची बावीस वर्षं आहेत. तुम्हाला आठवतो तो 'टक्' असा आवाजही तेल-पाण्याशिवाय इतकी वर्षं राहत नाही.

म्हणजे तुमच्याकडे नानांची आठवण आहे तशी काकांचीही आहे. आणि तो चाकू चोरल्याचा आळ त्याच माणसावर आहे.

तुम्ही चाकू घेतलात याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून, बापाने मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत लेक ही मुलाइतकीच वारस आहे. कायद्याने बघितलं तर तो चाकू दादाचा जितका, तितकाच तुमचा. शेताचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. पण आपल्याकडे लेकीने माहेरात बापाची साधी काठी मागितली तरी समोरच्याला 'हिस्सा मागायला आली' असं ऐकू येतं. ते ऐकू येऊ नये म्हणून लेकी मागत नाहीत, नाहीतर गुपचूप घेतात. दहाव्याच्या गर्दीत तुम्ही तसंच केलंत. तिथपर्यंत मी तुमच्या बाजूने उभी आहे.

नवरात्रानंतरचं मात्र मला सोडवत नाही. दादाने चाकू शोधला हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. त्या दिवशी एका फोनचं काम होतं.

शहरातल्या वाचकांसाठी एवढं सांगते, की खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं. आखाजीला साल ठरतं, आदल्या सालाची उचल फिटते, नवी घेतली जाते. तो दिवस हुकला की पुढची आखाजी येईपर्यंत दुसरीकडे साल मिळणं अवघड, कारण प्रत्येकाचा माणूस ठरलेला असतो. त्यातून बावीस वर्षं एका घरी राहिलेल्या माणसाला सोडलं, म्हणजे ऐकणारा आधी विचारतो, 'का सोडलं?' दादा तोंडाने बोलला नाही असं तुम्ही लिहिता. तोंडाने बोलला असता तर काकांना 'मी नाही घेतला' असं म्हणता तरी आलं असतं. काकू काय म्हणाल्या ते पुन्हा वाचा. आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. त्यांना चाकूपेक्षा हे जास्त लागलंय.

म्हणून वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका. कानबाई, आपल्या खान्देशातला देवीचा सण, तोंडावर आली आहे, नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी घरात असेल. सगळ्यांच्या देखत हे उघडं पडलं तर दादाची मान खाली जाईल, आणि मान खाली गेलेला माणूस चूक कबूल करण्याऐवजी हट्टाला पेटतो. त्याच्या आधी, याच आठवड्यात.

आधी दादाला फोन करा, संध्याकाळी, तो शेतातून आल्यावर. आधी काकांकडे जावं असं तुमच्या मनात येईल, माझ्याही आलं होतं. पण तुम्ही तिकडे गेलात की तासाभरात गावभर होईल आणि दादाला ते पारावर कळेल. दादाला तुम्हीच सांगा. बोलणं लांबवू नका. 'दादा, नानांचा चाकू माझ्याकडे आहे. दहाव्याला मीच घेतला. काकांचा त्यात काही संबंध नाही. उद्या सकाळच्या गाडीने येते, त्यांच्या घरी जायचंय. तू चल.' नानांची फार आठवण येत होती, कोणाला विचारायचं धाडस झालं नाही, हे सगळं खरं आहे, पण ते नंतर. आधी सांगितलंत तर ती सबब होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच हिची समजूत घालायची आहे. दादा चिडेल. चिडू द्या. तो न आला तर एकट्या जा.

काकांच्या घरी गेल्यावर दारातच सांगून मोकळ्या होऊ नका. आत जा, खाली बसा, पाणी घ्या. काकू समोर असतील तेव्हा सांगा, कारण टाकीवर तुमच्याशी बोलल्या त्या काकू होत्या आणि त्या वेळी तुम्ही गप्प राहिलात. 'माझ्यामुळे तुमच्यावर आळ आला आणि मला माहीत असून मी गप्प बसले' हे वाक्य जसंच्या तसं बोला. त्यात 'जर', 'कदाचित' असले शब्द घालू नका. ते काही बोलणार नाहीत असंही होईल. मग तुम्हीही बसून राहा. उठायची घाई नको.

पैशाचं कठीण वाटतं, पण ते टाळता येणार नाही. आखाजीपासून काका रोजंदारीवर असतील, सालात आणि रोजंदारीत जी तूट आली ती दादाने आणि तुम्ही मिळून भरून द्यावी. बक्षीस म्हणून नको, मेहेरबानी म्हणून तर नकोच. हिशेब करून, सालाचे पैसे देतात तसे. साल परत धरायचं की नाही हे दादाने विचारावं, आणि काका नाही म्हणाले तर तो त्यांचा मान आहे. कोणी त्यांना 'झालं गेलं विसरा' असं म्हणू नये. आणि हे मी दादासाठी लिहितेय, त्याला वाचून दाखवा: ज्या गावात त्यांच्याबद्दल कुजबुज झाली, त्याच गावात चार लोकांत एकदा बोलून टाका की चाकू बहिणीकडे होता. कानबाईला माणसं जमतीलच. तुमचा मान त्याने कमी होणार नाही.

चाकूचं काय करायचं हे त्यानंतर. काचेच्या चौकटीत लावू नका. काचेमागे दमट हवा कोंडते आणि पाठीमागच्या बाजूचा गंज कोणाला दिसत नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे. लहान पातं पेन्सिलींचं, असं तुम्ही लिहिलंत. मला ते चित्र डोळ्यांसमोर दिसतं: चौथीतली स्कॉलरशिपची परीक्षा, नाना ओट्यावर, अंगठा पात्याच्या पाठीवर, आणि लाकडाची पातळ साल पेन्सिलीवरून एका तुकड्यात सुटतेय. तुम्ही कधी त्या चाकूने स्वतः पेन्सिल केली आहे का? करून बघा. नानांचा अंगठा नेमका कुठे टेकत असे ते तुमच्या अंगठ्याला मुठीवरच कळेल, तिथलं शिंग गुळगुळीत झालेलं असतं. भिंतीवर लावला तर हे कळायचं राहून जाईल. वापरा, लिंबू कापलं तर लगेच कोरडा करा, आणि मिटून ठेवण्याआधी तेलाचं बोट फिरवा.

दादाकडे तो उघडपणे मागा. 'वर्षभर माझ्याकडे, खंडेनवमीला मी घेऊन येईन' असं म्हणून बघा. अवजारांच्या पाटावर झेंडूच्या फुलाखाली तो त्या एका दिवशी माहेरातच असावा, यात दादाचंही बरोबर आहे. तो नाहीच म्हणाला तर देऊन टाका. जड जाईल, मला माहीत आहे.

मुलाला एवढ्यात नको. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ साली चाकूंचा कारखाना काढला. १९०९ साली त्याची आई गेली तेव्हा तिचं नाव, व्हिक्टोरिया, त्याने आपल्या चाकूंना दिलं. पुढे १९२१ साली न गंजणारं पोलाद आलं, त्याला फ्रेंचमध्ये इनॉक्स म्हणतात. दोन्ही जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. जगभर लोक तो लाल चाकू खिशात घालून फिरतात आणि ते एका आईचं नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तुमच्या मुलाचं तसं होऊ नये. आजोबांचा चाकू त्याला मिळेल तेव्हा काकांचं नावही त्याच्यासोबत जायला हवं. तेव्हा विमानाने जाणार असेल तर केबिनच्या बॅगेत ठेवू नका म्हणावं, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. सामानात टाकायच्या बॅगेत चालतो. बसने, रेल्वेने नेताना पोलिसांची धास्ती नको. शस्त्र कायद्याच्या नियमांत पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातूनही वगळलेली आहेत. तुमचं पातं बोटाएवढं असेल.

उद्या निघाल तेव्हा चाकू सोबत न्या. राख, रॉकेल मी वर लिहिलंय, पण त्यातलं काही करू नका, जसा आहे तसाच न्या. काळ्या डागांसकट, अडकणाऱ्या सांध्यासकट. धारेची वस्तू आपण हातात देत नाही, खाली ठेवतो, समोरचा उचलतो. तसाच काकांसमोर जमिनीवर ठेवा. उचलायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. दगड त्यांच्याकडे असेलच, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली तेवढी तुम्ही बरोबर ठेवा.

तुमची,
ताई